मालकही तुम्हीच, कामगारही तुम्हीच; मग सुट्टी कोणाकडे मागायची?

दरवर्षी साधारण एप्रिलच्या सुमारास मुंबईच्या पेपरांमध्ये एक छोटीशी बातमी हमखास येते. डबेवाले सुट्टीवर, अमुक तारखेपासून पाच-सहा दिवस डबा मिळणार नाही. कारणही दरवर्षी तेच असतं. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या गावांच्या जत्रा. ग्रामदैवताची पालखी निघणार, घरोघरी पाहुणे येणार. मग त्या आठवड्यात चर्चगेटच्या फलाटावर डब्यांची लगबग दिसत नाही आणि ऑफिसातले लोक मुकाट्याने घरून डबा घेऊन येतात किंवा बाहेर खातात.

यातली गंमत बघा. डबेवाला कोणाच्या पगारावर नाही. त्याला पगारी रजा नाही, रजेचा अर्ज मंजूर करणारा साहेबही नाही. एक दिवस डबा पोहोचला नाही तर गिऱ्हाईक ओरडणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी हजारो माणसं एकदम काम थांबवून गावी जातात आणि परत येतात तेव्हा गिऱ्हाईक जागेवरच असतं.

आणि दुसरीकडे तुम्ही. नोकरी सोडली तेव्हा 'आता मी माझ्या मर्जीचा मालक' असं स्टेटस ठेवलं होतं. आज रविवारी रात्री साडेअकराला क्लायंटचा मेसेज येतो, 'फक्त एक छोटासा चेंज आहे', आणि तुम्ही ताटावरून उठून लॅपटॉप उघडता. गेल्या वर्षभरात सलग चार दिवस काम पूर्ण बंद ठेवल्याचं आठवतंय का? लग्न, आजारपण आणि मयत सोडून.

हा प्रश्न काही मूठभर फ्रीलान्सरचा नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशात काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. त्यात शेतकरी आले, किराणावाले आले, रिक्षावाले आले, घरून डबे करणाऱ्या ताई आल्या आणि घरच्याच दुकानात बिनपगारी राबणारी माणसंही आली. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना रजा देणारं कोणीच नाही.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा नाही

आधी हा शब्द नीट समजून घेऊ, कारण सोशल मीडियावर तो आजकाल सोमवारी सकाळी येणाऱ्या कंटाळ्यालाही लावला जातो.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे मन लावून काम करणारे स्वयंसेवक काही महिन्यांत आतून विझल्यासारखे होतात, हे त्यांनी पाहिलं. स्वतःही त्यातून गेले. १९७४ मध्ये त्यांनी या अवस्थेवर लेख लिहिला आणि तिला बर्नआउट म्हटलं. लक्षात घ्या, ही कामचुकार माणसं नव्हती. कामावर जीव असणारी होती.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या यादीत बर्नआउटची व्याख्या दिली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही की ती येते, आणि तिच्या तीन खुणा असतात. पहिली, शक्ती संपल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मन दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं. तिसरी, आपण करतोय ते काम चांगलं होत नाही अशी भावना.

पहिली खूण सगळ्यांना कळते. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना दगा देते ती दुसरी. ज्या गिऱ्हाईकाच्या पहिल्या ऑर्डरवर पेढे वाटले होते, त्याच्याच नावाचा फोन वाजला की कपाळावर आठी पडते. झालेल्या कामाचं बिल पाठवायलाही हात उचलत नाही, चौकशीच्या मेसेजला तीन दिवस उत्तर जात नाही. बाहेरच्याला वाटतं माणूस माजला. आणि स्वतःला वाटतं आपण आळशी झालोय, म्हणून माणूस आणखी दोन तास जास्त बसतो. साध्या थकव्यात एक रविवार झोप काढली की सोमवारी बरं वाटतं. इथे झोपूनही बरं वाटत नाही, फरक तिथे आहे.

शरीराचाही हिशोब आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. ५५ तास म्हणजे किती? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सातही दिवस, एवढं केलं तरी ५६ होतात. आपल्याकडच्या कुठल्याही किराणा दुकानाची वेळ आठवा.

मग थांबत का नाही?

नोकरदाराची रजा त्याच्या डोळ्यांना फुकट दिसते. पगार महिन्याच्या शेवटी तेवढाच येतो. तुमच्या रजेला मात्र किमतीची चिठ्ठी लावलेली असते. आज दुकान बंद म्हणजे आजचा गल्ला शून्य, शिवाय भाडं, हप्ता, वीजबिल चालूच. गोव्याच्या ट्रिपचा खर्च दहा हजार असेल तर तुमच्या डोक्यात तो पंचवीस हजार असतो, कारण बुडालेल्या दिवसांची कमाईही तुम्ही त्यात मिळवता.

यावर न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांचा एक गाजलेला अभ्यास आहे. कॉलिन कॅमरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि रिचर्ड थेलर यांनी तो १९९७ मध्ये मांडला. त्यांना असं दिसलं की बरेच ड्रायव्हर मनाशी रोजच्या कमाईचा एक आकडा धरून चालतात. चांगल्या दिवशी तो लवकर पूर्ण होतो आणि ते घरी जातात. मंदीच्या दिवशी तो पूर्णच होत नाही, म्हणून ते रात्र होईपर्यंत फिरत राहतात. म्हणजे जिथे तासाला जास्त मिळतं तिथे कमी काम आणि जिथे कमी मिळतं तिथे जास्त. पुढे प्रिन्स्टनच्या हेन्री फार्बर यांनी बरीच मोठी आकडेवारी तपासून बहुतेक ड्रायव्हर असं वागत नाहीत असं म्हटलं. अर्थशास्त्रज्ञांचं ते भांडण त्यांना भांडू द्या. पण 'आज दोन हजार झाल्याशिवाय उठायचं नाही' हे वाक्य ज्याने स्वतःला कधीतरी ऐकवलंय, त्याला यातली गोम लगेच कळेल. रोजचा आकडा धरला की प्रत्येक वाईट दिवस लांबत जातो. महिन्याचा आकडा धरला तर वाईट दिवशी शटर ओढून घरी जायची मुभा मिळते.

दुसरी भीती गिऱ्हाईक तुटण्याची. ती अगदीच खोटी नाही. शेजारचा उघडा आणि आपण बंद, तर माणूस शेजारी जाणारच. आणि आता शेजारचा म्हणजे फोनमधलं प्रत्येक ॲप, दहा मिनिटांत घरपोच देणारं.

तिसरी गोष्ट फोनची. पूर्वी दुकानाला शटर होतं, ते ओढलं की धंदा संपायचा. व्हॉट्सॲपला शटर नाही. ज्या फोनवर बायकोचा मेसेज येतो त्याच फोनवर क्लायंटचा येतो.

चौथी गोष्ट अडकलेल्या पैशांची, आणि ती फार कमी बोलली जाते. काम मार्चमध्ये दिलं, पैसे ऑगस्टपर्यंत आले नाहीत, तर माणूस विश्रांती घेणार कुठून? इथे कायद्याची थोडी मदत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. वस्तू बनवणाऱ्यांइतकाच हा नियम सेवा देणाऱ्यांनाही आहे, पण त्यासाठी उद्यम पोर्टलवर नोंदणी हवी. ती मोफत होते. नोंदणी झाली म्हणजे पैसे आपोआप येतील असं नाही, पण बिलावर तो नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाल्यांशी बोलताना निदान एक खुंटी हाती येते.

एकेकाळी दुकानदारालाही सक्तीची सुट्टी होती

रविवारच्या सुट्टीची गोष्ट बहुतेकांनी ऐकली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि बऱ्याच झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. दर १० जूनला त्याच्या पोस्ट फिरतात. पण ती सुट्टी मालकाकडून मिळवलेली होती. ज्याला मालकच नाही त्याचं काय?

त्याचं उत्तर काही काळ कायद्यात होतं. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याची अट होती. नोकरांना सुट्टी द्या एवढंच नाही, दुकानच बंद. त्यामुळे मालकही आपसूक घरी. आपल्या शहरांमध्ये वेगवेगळ्या बाजारांचे वेगवेगळे बंद वार दिसायचे ते त्यातूनच. पुण्यात लक्ष्मी रोडला खरेदीला जायचं तर सोमवार टाळायचा, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असायचं. सगळी लाइन बंद, म्हणून गिऱ्हाईक शेजारी जाण्याचा प्रश्नच नव्हता.

२०१७ मध्ये महाराष्ट्राने नवा दुकाने कायदा आणला. दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतील, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची, असा त्याचा रोख होता. कामाच्या तासांचे आणि रजेचे नियम दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू झाले. ग्राहकाची सोय झाली, कामगारांनाही नियम राहिला. पण एकटा किंवा दोन पोरं हाताशी घेऊन दुकान चालवणारा मालक दोन्हींच्या मधून निसटला. त्याला आता बंद ठेवायला कोणी सांगत नाही, आणि उघडं ठेवायला सगळा बाजार सांगतो. योगायोग असा की दुपारी १ ते ४ बंद राहण्यावरून ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या विनोद झाले त्या पुण्याच्या चितळे बंधूंनीही दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली ती २०१७ मध्येच. त्या विनोदांवर आपण सगळे हसलोय. आता वाटतं, दुपारी जेवून तासभर आडवं होण्याचा हक्क बजावणाऱ्या दुकानदाराला आपण माजोरी का ठरवलं असेल?

जुना कायदा परत आणा, असं माझं म्हणणं नाही. तो मोडणारेही भरपूर होते आणि शटर अर्धं ओढून मागच्या दाराने विक्री चालायचीच. मुद्दा एवढाच की सुट्टी घेण्याचा निर्णय तेव्हा एकट्या दुकानदाराच्या डोक्यावर नव्हता.

बैलालाही पोळ्याची सुट्टी असते

आपल्याकडच्या जुन्या धंद्यांमध्ये हे वारंवार दिसतं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात, दुसऱ्या दिवशी झूल घालून मिरवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. शेतात काम कितीही पडलेलं असो, त्या दिवशी नांगर बाहेर निघत नाही. शेतकरी स्वतःच्या मर्जीवर राहिला असता तर त्याने बैलाला सुट्टी दिली असती का? शंकाच आहे.

वारीचंही तसंच. आळंदीहून पालखी निघते ती ठरलेल्या तिथीला आणि पंढरपूरला पोहोचायला जवळपास तीन आठवडे लागतात. पेरणी उरकलेली असो वा नसो, तिथी हलत नाही. भक्ती तर आहेच, पण एका शेतकऱ्याच्या वर्षात सलग तीन आठवडे घर, कर्ज आणि भाव यांच्यापासून लांब राहायची ही एक जागाही आहे. मागे शेत कोण बघणार हे भाऊबंदांमध्ये आधीच ठरलेलं असतं.

कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. माशांची पैदास व्हावी म्हणून सरकारनेच ६१ दिवसांची बंदी घातलेली असते. या दिवसांत जाळी विणली जातात, इंजिन खोललं जातं, बोटीला रंग लागतो. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पुन्हा लोटल्या जातात. याला आरामाची सुट्टी म्हणणं अन्याय होईल, कारण बंदीच्या महिन्यांत घरात पैशांची ओढाताण असते. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कोणीही एकटा मागे पडत नाही, कारण सगळ्यांच्याच बोटी किनाऱ्याला.

आता डबेवाल्यांकडे परत येऊ. त्यांच्या सुट्टीत वरच्या सगळ्या गोष्टी आहेत. तारीख जत्रेने ठरवलेली, म्हणजे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणता येत नाही. सगळे एकदम जातात. गिऱ्हाईकाला आधी कळवलेलं असतं. पण आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या खास त्यांच्या आहेत आणि ज्यांतून तुम्हाआम्हाला काही उचलता येईल.

एक, ते डब्यामागे रोजचे पैसे घेत नाहीत, महिन्याचे घेतात. सुट्टीच्या दिवसांचे पैसे कापू नका, अशी विनंतीही संघटना ग्राहकांना करत आली आहे. म्हणजे सुट्टीची किंमत वर्षभराच्या दरात आधीच शिरलेली आहे. दुसरी, ते मुकादमाच्या हाताखाली गटाने काम करतात, कमाई गटात वाटून घेतात आणि गटात एखाद-दोन माणसं जास्तीची ठेवतात. जत्रेव्यतिरिक्त एखाद्याच्या घरी आजारपण निघालं तर त्याची लाइन दुसरा सांभाळतो.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. स्वतःचा धंदा करणाऱ्याची सुट्टी मनाच्या निर्धाराने होत नाही. ती दरात धरलेली असेल आणि तारखेने बांधलेली असेल, तरच होते. 'काम कमी झालं की जाऊ' म्हणणारा कधीच जात नाही, कारण काम कमी झालं की त्याला सुट्टी आठवत नाही, काळजी आठवते.

सुट्टी दरात कशी धरायची

समजा तुम्ही ग्राफिक डिझायनर आहात आणि तुम्हाला महिन्याला ५०,००० रुपये हातात हवेत. बहुतेक जण ५०,००० भागिले ३० करतात, १,६६७ रुपये रोज असा दर काढतात आणि तिथेच फसतात.

वर्षाचे ३६५ दिवस घ्या. त्यातून ५२ रविवार काढा. गणपती, दिवाळी, पाडवा, घरातली कार्यं यांचे १५ दिवस काढा. आजारपण आणि पोरांच्या शाळेची कामं यासाठी १२ दिवस. आणि खऱ्या सुट्टीचे १८ दिवस. उरले २६८. या दिवसांतही सगळा वेळ पैसे देणारा नसतो. कोटेशन, मीटिंग, जीएसटी, पैशांसाठी फोन, फुकटचे चेंजेस यात पाचवा हिस्सा सहज जातो. मग पैसे मिळवून देणारे दिवस राहतात साधारण २१४. वर्षाचे सहा लाख भागिले २१४, म्हणजे रोजचा दर २,८०० रुपयांच्या आसपास येतो. यात लॅपटॉप, सॉफ्टवेअर, कर अजून धरलेलेच नाहीत.

१,६६७ आणि २,८०० यांच्यातला हा जो फरक आहे, तोच तुम्ही रविवारी रात्री बसून भरून काढताय.

क्लायंट लगेच २,८०० देईल का? नाही देणार. जुन्या क्लायंटला एकदम दर वाढवून सांगणं अवघड असतं. पण नवीन येणाऱ्या प्रत्येकाला नवा दर सांगता येतो, आणि दोन-तीन वर्षांत जुने हळूहळू बदलतात. निदान आपण कोणत्या कामात खिशातली सुट्टी घालतोय हे तरी कळतं.

दर वाढवणं हातात नसेल तर दुसरा रस्ता बाजूला काढण्याचा. आलेल्या प्रत्येक पैशातला बारावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला ५०,००० येत असतील तर ४,१६७ रुपये. हातात राहतात ४५,८३३. अकरा महिन्यांनी त्या खात्यात बरोबर ४५,८३३ रुपये जमलेले असतात. म्हणजे बारावा महिना आजारपण, सण आणि सुट्टी मिळून तुम्ही स्वतःला पगारी दिलात. खातं मात्र यूपीआयला जोडू नका, नाहीतर ते दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

तारीख कुठली निवडायची

प्रत्येक धंद्याला आपला मंदीचा काळ असतो आणि तो कॅलेंडरवर आधीच दिसतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात. क्लासवाल्यांना परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंत मोकळीक. पितृपंधरवड्यात घर, गाडी, इंटिरिअर, उद्घाटनं सगळंच थंड असतं. या कामांवर जगणाऱ्याने त्या पंधरा दिवसांत सुट्टी घेतली तर नुकसान सगळ्यात कमी. हॉटेलं आणि तिकिटंही स्वस्त मिळतात.

अडचण अशी की मंदीत आपण आराम करत नाही, घाबरतो. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कामाची वाट बघणं, जुने फोल्डर आवरणं, दुसऱ्यांची प्रोफाइलं बघून जळणं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात तसं. हा वेळ ना कामाचा ना सुट्टीचा. त्यापेक्षा त्यातला एक आठवडा सहा महिने आधीच खोडून टाकलेला बरा.

एकच मोठी सुट्टी घ्यावी की छोट्या छोट्या? मानसशास्त्रज्ञ जेसिका डी ब्लूम यांनी सुट्टीच्या परिणामांवर बरंच काम केलंय. सुट्टीने बरं वाटतं हे खरं, पण परतल्यावर काही आठवड्यांत ते ओसरतं, असं त्यात दिसतं. त्यामुळे वर्षातून एकदा पंधरा दिवस जाऊन उरलेले साडेअकरा महिने ओढत राहण्यापेक्षा तीन-चार छोट्या सुट्ट्या बऱ्या. आणि जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या साबिने सोनेनटाग यांचं काम सांगतं की विश्रांती लागू पडते ती कामापासून मन सुटलं तर. महाबळेश्वरला जाऊन पॉइंटवर उभं राहून क्लायंटला व्हॉइस नोट पाठवली, तर घाट चढल्याचं पेट्रोल तेवढं खर्च झालं.

मन सुटायचं तर कोणीतरी मागे हवं. तुमच्याच कामातला एक माणूस शोधा, ज्याचं काम तुम्हाला पटतं. तुम्ही नसताना त्याने तुमचं अडलेलं काम बघायचं, तो नसताना तुम्ही. क्लायंट पळवायचा नाही, हे तोंडावर बोलून घ्या आणि त्या दिवसांचे पैसे त्याचे त्याला द्या. डबेवाल्यांच्या गटाचं हे दोन माणसांपुरतं रूप आहे.

आणि क्लायंटला कळवायचं ते आधी, कमीत कमी तीन आठवडे. माफी न मागता, आजारपणाची थाप न मारता. साधारण असं:

'नमस्कार. १२ ते १७ तारखेपर्यंत माझं काम बंद राहील. ५ तारखेपर्यंत मजकूर मिळाला तर जाण्याआधी काम पूर्ण करून देईन. त्यानंतर आलेलं काम १८ पासून हातात घेईन. मधल्या काळात फारच अडलं तर या नंबरवर बोला.'

खाली त्या जोडीदाराचा नंबर. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये सुट्टीत आपोआप जाणाऱ्या उत्तराची सोय आहे, त्यात हाच मजकूर टाकून द्यायचा. कामासाठी वेगळं सिम असेल तर ते घरी कपाटात.

हे सगळ्यांना जमेल का?

नाही. गाडीचा हप्ता डोक्यावर असलेल्या कॅबवाल्याला 'दर वाढव' सांगण्यात अर्थ नाही, त्याचा दर ॲप ठरवतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, पण पगारी सुट्टी त्यातून आलेली नाही. वडापावच्या गाडीवर बाराव्या हिश्शाचं गणित मांडायला जागा नसते. तिथे सुरुवात अर्ध्या दिवसाने होते. आठवड्यातली एकच संध्याकाळ, पण वार पक्का. 'मंगळवारी संध्याकाळी गाडी बंद' अशी पाटी महिनाभर लटकली की गिऱ्हाईक स्वतःच सोमवारी येतं. आजूबाजूच्या दोन-तीन गाड्यांनी वार वाटून घेतले तर अजून बरं.

आणि एक गट असा आहे ज्याची सुट्टी बाहेरून दिसतच नाही. घरून डबे, पापड, केक, शिवणकाम करणाऱ्या बायका. रविवारी डब्यांना सुट्टी असते, स्वयंपाकाला नसते. उलट 'आज डबे नाहीत ना, मग जरा काहीतरी वेगळं कर' ही फर्माईश येते. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी संपवून रात्री दोनला घरचा चिवडा परतणाऱ्या बाईला बर्नआउट हा शब्द कोणी सांगितलेला नसतो. तिच्या बाबतीत सुट्टीचं पत्र क्लायंटच्या आधी घरातल्यांना द्यावं लागतं, आणि ते देणं क्लायंटपेक्षा कठीण आहे. तिच्या पैशांवर घराचा हप्ता जात असेल तर रविवारी कुकर कोण लावणार हा प्रश्नही धंद्याचाच आहे.

एक गोष्ट मात्र सुट्टीवर ढकलू नका. चार-सहा दिवस खरोखर थांबूनही झोप येत नसेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, किंवा जगणंच नको असं वाटत असेल, तर तो फक्त कामाचा थकवा राहिलेला नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

डिग्री झाल्यावर दीड वर्ष मीही फ्रीलान्स लिखाण केलं. वरच्यासारखा मेसेज पहिल्यांदा टाइप केला तेव्हा चार ओळींना अर्धा तास लागला. तीनदा 'सॉरी' लिहून खोडलं. ज्या क्लायंटची सगळ्यात जास्त धास्ती होती त्याला सगळ्यात शेवटी पाठवला आणि फोन पालथा घालून ठेवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं. आधी एक अंगठा, आणि त्याखाली, 'कुठे चाललात? कोकणात असाल तर येताना आंबा पोळी आणा.'